पायाखालची कळ

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि कसरीनें खाल्लेले दप्तरखान्यांतील रुमाल उभे राहतात. तीस वर्षें वर्गांत मीहि विद्यार्थ्यांस हीच यादी सांगत आलों. परंतु गेल्या पावसाळ्यापासून माझ्या टेबलावर, कागद उडूं नयेत म्हणून ठेवलेलें एक साधन पडून आहे. त्याची गणना या यादींत कोणीं केलेली माझ्या पाहण्यांत नाहीं. तें म्हणजे मुठींत मावेल एवढी, वर जाड बोंड असलेली, एक लोखंडी कळ. मोटार हांकणाराच्या डाव्या पायाशीं ती सुमारें साठ वर्षें होती. मोटारींच्या भाषेंत तिला डिपर म्हणतात. समोरून कोणी येऊं लागलें असतां आपल्या दिव्यांचा झोत खालीं नमविणें, आणि तो निघून गेल्यावर पुन्हां वर उचलणें, एवढेंच तिचें काम.

ही कळ ज्या गाडीची, ती गाडी आमच्या एका बालमित्राची आहे. हे गृहस्थ गंगापूर रस्त्यावर राहतात, पेशानें वकील आहेत, आणि वडिलांनीं मुंबईस जुन्या बाजारांत घेतलेली एम. जी. ए. नांवाची इंग्रजी स्पोर्ट्स गाडी त्यांनीं जिवापाड जपली आहे. ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन येथें १९५५ पासून १९६२ पर्यंत अशा लाखावर गाड्या तयार झाल्या व त्यांतील बहुतेक परदेशीं, विशेषतः अमेरिकेंत गेल्या. हिंदुस्थानाच्या वांट्यास फार थोड्या आल्या. गाडी जमिनीपासून इतकी ठेंगणी कीं आंत बसल्यावर बैलगाडीचा आंख आपल्या डोळ्यांच्या पातळीस येतो. छप्पर कापडी, पायाखालची जमीन लांकडी फळ्यांची, आणि बॅटऱ्या बैठकीच्या मागें दडविलेल्या, सहा सहा व्होल्टच्या दोन. नाशिकच्या पावसाळ्यास ही गाडी योग्य आहे असें तिच्या मालकाशिवाय कोणीहि म्हणणार नाहीं.

गेल्या आषाढांत आम्ही दोघे तिच्यांतून पेठहून नाशकास परत येत होतों. सावळघाटांत रात्र झाली. पाऊस नुकताच उघडला होता, आणि ओल्या डांबरावर दिव्यांचा उजेड फुटून पसरत होता. एका वळणावर समोरून मालमोटार आली. मित्रानें नित्याप्रमाणें डाव्या पायानें कळ दाबली, आणि दोन्ही मोठे दिवे एकदम विझले. झोत खालीं गेला नाहीं, तो गेलाच. उरले ते बाजूचे दोन मिणमिणते दिवे. कळ पुन्हां दाबली, पुन्हां दाबली, कांहीं नाहीं. मालमोटार आमच्या अंगावरून गेल्यासारखी निघून गेली, आणि मग जो काळोख पडला तो मी पन्नाशी उलटल्यावर प्रथमच पाहिला असें म्हटलें तरी चालेल. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी; कोणती कोठें संपते हें दिसेना.

गाडी कशीबशी कडेला लावून आम्ही उभे राहिलों. थोड्या वेळानें मागून दुसरी मालमोटार आली व थांबली. चालक खालीं उतरला, आंत डोकावला, पायानें एकदां कळ दाबून पाहिली आणि म्हणाला, "डिपर गेला, साहेब. तुम्ही पुढें चला, मी मागून लाइट देतो." त्याचे दिवे आमच्या डोक्यांपेक्षां उंच असल्यामुळें त्यांचा उजेड आमच्या गाडीवरून पुढच्या रस्त्यावर पडे. मागें पाहण्याच्या आरशांतून तोच उजेड मित्राच्या डोळ्यांत शिरूं लागला, म्हणून तो आरसा खालीं वळविला. समोरून कोणी आलें कीं हा मनुष्य आपला झोत उतरवी. तेवढा वेळ आम्ही मुंगीच्या पावलानें चालत असूं. वाट मोकळी झाली कीं झोत पुन्हां वर. अशा रीतीनें त्यानें आम्हांस आशेवाडीपर्यंत, रामशेजच्या पायथ्याशीं आणून सोडलें. १६८२ पासून कांहीं वर्षें मोगलांच्या वेढ्यास दाद न देणाऱ्या त्या किल्ल्याविषयीं मी अनेक व्याख्यानें दिलीं आहेत. त्या रात्रीं मात्र त्याच्याकडे मान वर करून पाहण्याची मला इच्छा झाली नाहीं.

घरीं आल्यावर मित्र नवी कळ कोठें मिळेल याच्या शोधास लागला, आणि मी ती जुनी कळ मुळांत पायाखालीं आली कशी याच्या.

आपल्याकडे पूर्वीं रात्रीच्या प्रवासांत दिवा वाहनास नसे, माणसाच्या हातीं असे. पालखीपुढें मशालजी धांवत, मेण्याबरोबर दिवट्या चालत. मशालीचा उजेड चहूंकडे सारखा पडे. त्यास दिशा नव्हती, म्हणून त्यानें कोणाचे डोळे जात नसत. पुढें घोडागाड्यांस कंदील लागले. परंतु ते रस्ता दिसावा म्हणून फारसे नव्हते, गाडी दिसावी म्हणून होते. रस्ता घोड्यास दिसे, आणि घोड्याच्या चालीस पुढें दहा-वीस हात दिसलें तरी पुरे होतें. नाशिक शहर व आगगाडीचें स्टेशन यांच्यामध्यें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी ट्रॅम सुरू झाली तीहि आरंभीं घोडेच ओढीत. त्या गतींत दुसऱ्याचे डोळे दिपविणें कोणास जमलेंच नसतें.

मोटार आली आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या. गति वाढली म्हणून दूरवर पाहणें अवश्य झालें. आणि दूरवर पाहावयाचें तर उजेडास दिशा देणें भाग पडलें. दिव्यामागें अंतर्वक्र आरसा बसवून त्याच्या केंद्रावर ज्योत ठेविली कीं सर्व किरण समांतर होऊन पुढें धांवतात, हें भूमितीच्या विद्यार्थ्यास ठाऊक असलेलें तत्त्व रस्त्यावर आलें. ज्योत कशाची? प्रथम घासलेटची, मग ॲसिटिलीन वायूची. १८९२ सालीं विल्सन नांवाच्या गृहस्थास विजेच्या भट्टींत भलतेंच कांहीं करूं जातां कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर करण्याची रीत सांपडली. या खड्यांवर पाणी ठिबकविलें कीं वायु निघतो व तो पांढऱ्या लखलखीत ज्योतीनें जळतो. आपल्या जत्रांतून रेवड्या-खेळण्यांच्या दुकानांवर हे कार्बाइडचे दिवे कित्येक वर्षें जळत. त्यांचा लसणासारखा उग्र दर्प ज्यांच्या नाकांत बसला आहे, त्यांना मोटारीचा आद्य दिवा कसा होता हें निराळें सांगावयास नको. या दिव्याचा दोष एवढाच कीं तो पेटला म्हणजे पेटला. समोरच्या टांगेवाल्यासाठीं ज्योत घटकाभर लहान करावी म्हटलें, तर पाणी बंद केल्यावरहि आधीं भिजलेले खडे वायु सोडीतच राहत.

१९१२ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडीवर विजेवर चालू होणारें इंजिन व विजेचे दिवे एकत्र आले, आणि तेथून वायूचे दिवे मागें पडत गेले. विजेची तार ज्योतीपेक्षां फार लहान व स्थिर. ती आरशाच्या नेमक्या केंद्रावर बसते, त्यामुळें झोत लांब आणि तीक्ष्ण झाला. तेव्हां प्रथम समोरून येणाराचा प्रश्न खऱ्या अर्थानें उभा राहिला. डोळ्याचा धर्म असा आहे कीं काळोखास पुरता सरावण्यास त्यास वीस-तीस मिनिटें लागतात, आणि ती सर्व कमाई एका लखलखाटांत कांहीं क्षणांपुरती बुडते. ताशीं साठ किलोमीटरच्या गतीनें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले, तर तिनें पन्नास मीटर वाट आंधळेपणानें कापलेली असते.

यावर पहिला उपाय सुचला तो दिवा मंद करण्याचा. वाटेंत विजेस अडथळा घालावा, किंवा दोन दिवे एकामागें एक जोडून प्रत्येकास निम्मा जोर मिळेल असें करावें, म्हणजे दिवे निस्तेज होतात. अमेरिकेंत अशा कळेस डिमर, म्हणजे मंद करणारी, हें नांव पडलें, आणि पुढें रीत बदलली तरी नांव तेंच राहिलें. परंतु या उपायांत समोरच्याचें भलें करावयाचें तर आपण अंधारांत जावें लागे. ज्या क्षणीं रस्त्यावर दोन गाड्या एकमेकींजवळून जाणार, म्हणजे कडेच्या पादचाऱ्यास सर्वांत अधिक धोका, त्याच क्षणीं दोन्ही चालकांनीं आपले डोळे अर्धे मिटून घ्यावयाचे! असा परोपकार फार दिवस टिकत नाहीं, आणि टिकूंहि नये.

दुसरा विचार अधिक चतुर होता. दिवा मंद न करितां नमवावा. उजेड कमी होत नाहीं. तो समोरच्याच्या डोळ्यांतून निघून आपल्याच चाकांपुढील रस्त्यावर येतो. १९१७ च्या सुमारास कॅडिलॅक गाडींत चालकाजवळच्या दांडीनें झोत खालीं करण्याची सोय निघाली. इंग्लंडांत बार्कर यांच्या नांवानें ओळखली जाणारी युक्ति तर डोळ्यांस दिसे अशी होती : चालकानें दांडा ओढला कीं मोटारीचे ते मोठाले पितळी दिवे सबंधच्या सबंध पुढें झुकत. दरबारांत मानकरी मुजरा करतो तसा हा मुजरा. नंतर असेंहि निघालें कीं एका दिव्याचा आरसा विजेच्या चुंबकानें झुके आणि दुसरा दिवा तेवढ्यापुरता विझे. तिसाव्या दशकांतील पुष्कळ इंग्रजी गाड्या अशा एकाक्ष होऊन एकमेकींस वाट देत. इंग्रजांनीं या क्रियेस डिप म्हटलें, आणि आपण त्यांच्या राज्यांत असल्यामुळें आपल्या रस्त्यांवर डिमर न येतां डिपर आला. येथें एक भाषिक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. डोळे दिपतात तें टाळण्यासाठीं डिपर, अशी व्युत्पत्ति एका विद्यार्थ्यानें मला मोठ्या आत्मविश्वासानें ऐकविली होती. आपलें दिपणें संस्कृत दीप् धातूपासून आलेलें आहे. इंग्रजी डिपशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. तरीहि चुकीच्या व्युत्पत्तींत इतकी सोयीची मीं दुसरी पाहिली नाहीं.

दांडे आणि चुंबक यांची खटपट १९२४ सालीं जर्मनींतील ओस्राम कंपनीच्या बायलक्स नांवाच्या दिव्यानें संपत आणली. एकाच कांचेच्या गोळ्यांत दोन तारा. एक आरशाच्या केंद्रावर, तिचा झोत सरळ दूर जातो; दुसरी केंद्राच्या किंचित् पुढें व तिच्याखालीं धातूची लहानशी पन्हाळी, त्यामुळें तिचा उजेड आरशाच्या वरच्या अर्ध्यावरच पडतो व तेथून खालीं परावृत्त होतो. आतां दिवा हलविण्याचें कारण उरलें नाहीं. वीज या तारेंतून काढून त्या तारेंत घालावयाची, एवढ्यावर काम आलें. आणि त्याला एक दुतोंडी कळ पुरते. माझ्या टेबलावर आहे ती हीच.

पण ती पायाखालीं कां? १९२७ च्या सुमारास अमेरिकन गाड्यांत ती प्रथम तेथें गेली, व पुढें बहुतेक जग तिच्यामागें गेलें. त्या काळच्या चालकाचे हात किती गुंतलेले असत याची आज कल्पना येत नाहीं. सुकाणूचें जड चाक, गिअरचा दांडा, हॉर्न, आणि वळतांना वा थांबतांना उजवा हात बाहेर काढून खूण करणें. उजवा पाय वेग आणि ब्रेक यांत वांटलेला. क्लचवरून निघाल्यावर डावा पाय तेवढा रिकामा. कारखानदारांनीं सबंध शरीरांत एक बेकार अवयव हुडकून काढला व त्यास चाकरी दिली. स्वतःस दिसावें म्हणून जी दिव्याची कळ, ती समोरच्या फलकावर, हाताशीं, सुबक मुठीची. दुसऱ्यास दिसावें म्हणून जी कळ, ती जोड्याखालीं, चिखलांत. त्यांत कोणाचा हेतु नव्हता हें मला मान्य आहे; पण मांडणी तशी झाली खरी. शिवाय घाटांत एक अडचण निघे. वळणावर समोरून गाडी यावयाची आणि गिअरहि त्याच क्षणीं बदलावयाचा. एक डावा पाय क्लचवर जाणार कीं डिपरवर? ज्यांनीं कसारा किंवा सावळघाट पायाच्या डिपरनें उतरला आहे त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीं.

आपल्या देशांत या कळेचा इतिहास फार मौजेचा आहे, कारण येथें तिचे दोन संप्रदाय पिढ्यानपिढ्या शेजारीं नांदले. याच नाशिक जिल्ह्यांत रावळगांवास साखरेचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ पासून अमेरिकन बांधणीच्या गाड्या जुळून बाहेर पडूं लागल्या. त्यांत डिपर पायाशीं. पुढें त्याच कारखान्यानें इटालियन फियाट घेतली, आणि तिच्यांत तो हाताशीं, सुकाणूच्या चाकाखालच्या दांडीवर आला. उत्तरपाड्याच्या ॲम्बेसेडरनें मात्र आपला इंग्रजी वडिलोपार्जित डिपर कित्येक वर्षें पायाखालींच ठेविला. देवळालीच्या छावणीमुळें नाशिककरांस परिचित झालेल्या जीप गाडींतहि तो पायाखालींच होता. यामुळें आमच्या लहानपणीं चालकांचे दोन वर्ग ओळखूं येत. फियाटवाला ॲम्बेसेडरमध्यें बसला कीं रात्रीं चाकाखालीं बोटांनीं चांचपे. ॲम्बेसेडरवाला फियाटमध्यें बसला कीं डाव्या पायानें गालिचा तुडवी. त्यास तेथें कांहींच सांपडत नसे.

सरकारचें लक्ष या प्रश्नाकडे गेलें नाहीं असें नव्हे. मोटारींविषयीं सबंध देशाचे कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ सालीं झाले, आणि १९८९ च्या केंद्रीय नियमांत दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपवील असा नसावा ही तरतूद आहे. परंतु तरतुदीस पाय नसतात. कळ दाबावी लागते ती चालकास. लोक ती दाबीत नाहींत असें दिसून आल्यामुळेंच कीं काय, कित्येक शहरांत दिव्याच्या कांचेच्या वरच्या भागास काळें फांसण्याची किंवा मध्यें काळा ठिपका लावण्याची रीत पडली व ती वर्षानुवर्षें चालली. या रीतीचें मूळ युद्धकाळाच्या अंधारबंदींत असावें. १९७१ च्या डिसेंबरांत, ओझर आणि देवळाली दोन्हीं जवळ असल्यामुळें, वडिलांनीं आपल्या स्कूटरच्या दिव्यावर काळा कागद चिकटविला होता व तो युद्ध संपल्यावरहि पुष्कळ दिवस काढला नव्हता, असें आई सांगे. शत्रूच्या विमानापासून लपण्याची युक्ति शेजाऱ्याच्या डोळ्यांसाठीं उपयोगीं आली, हें कांहीं वाईट झालें नाहीं. पण स्वतःहून मान लववीना म्हणून टोपी डोळ्यांवर ओढून दिली, असा तो प्रकार.

मालमोटारींच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' हें वाक्य रंगविलेलें असते, हें सर्वांस ठाऊक आहे. तें इतके दिवस वाचून डिपर शब्दाचा अर्थच आपण पालटून टाकला. आज कोणी "डिपर मारला" म्हणतो तेव्हां त्यानें झोत नमविलेला नसतो. उलट तो दोन-चारदां समोरच्याच्या तोंडावर उडविलेला असतो. इंग्लंडांत असा झोत उडविणें म्हणजे बहुधा "आपण आधीं जा" असें समजतात. आपल्याकडे त्याचा अर्थ "मी थांबणार नाहीं" असा आहे. नमविण्याच्या कळेस मारणें हें क्रियापद ज्या दिवशीं जोडलें गेलें, तो दिवस मला कोणत्याहि दप्तरांत सांपडावयाचा नाहीं, पण रस्त्यांच्या इतिहासांत त्यास स्थान असावें असें मला वाटतें.

असो. मित्राच्या गाडीकडे वळतों. मुंबई नाक्याजवळ मोटारींच्या विजेचें काम करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांच्यापुढें ती उभी केली. त्यांनीं प्रथम काय विचारलें? "पॉझिटिव्ह अर्थ आहे ना?" जुन्या इंग्रजी गाड्यांत बॅटरीचा धन ध्रुव सांगाड्यास जोडलेला असतो, आतां सर्वत्र ऋण, हें न विचारतां हात घालणारानें पुष्कळ नुकसान केलेलें असतें. मग बॅटरी तोडली, पायाखालची फळी उचकटली, आणि डिपरच्या तीन तारा हातीं आल्या. निळी, निळी-पांढरी आणि निळी-तांबडी : पहिली फलकावरच्या कळेकडून येणारी, दुसरी दूरच्या झोताची, तिसरी खालच्या झोताची. असें पुस्तकांत आहे. प्रत्यक्षांत तिन्ही एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या, आणि मिस्त्रींनीं चांचणीच्या दिव्यानें एकेकीची ओळख पटवून तिच्यावर कापडी पट्टी बांधली. प्रतींवरून पाठ ठरविण्याचें काम मीहि केलें आहे. पण इतक्या शांतपणें नव्हे.

दोष काय होता तें लौकरच उघड झालें. या गाडींत मोठ्या दिव्यांची सर्व वीज फलकावरच्या कळेंतून, तेथून डिपरमधून, आणि मग दिव्यांत जाते; मध्यें फ्यूज नाहीं कीं कांहीं नाहीं. फ्यूज जळून रात्रीं अकस्मात् अंधार होऊं नये म्हणून तो ठेविला नाहीं, असें त्याचें कारण सांगतात. मूळचे दिवे चाळीस-पन्नास वॅटचे. दोन्हीं मिळून सात-आठ अँपियर वीज या कळांतून वाहावी अशी योजना. आमच्या वकीलसाहेबांनीं, अधिक दिसावें म्हणून, कांहीं वर्षांपूर्वीं शंभर शंभर वॅटचे बसविले होते. म्हणजे सोळा अँपियरवर. प्रवाह दुप्पट झाला कीं सांध्यांतील उष्णता चौपट होते. फलकावरच्या कळेचें बेकलाइट आंतून करपलें होतें, आणि डिपरचे सांधे तर जळून गेले होते. "हें तुम्हीं केलेंत," असें मिस्त्री म्हणाले नाहींत. त्यांनीं फक्त तो दिवा काढून मित्राच्या हातावर ठेविला.

डिपर उघडल्यावर मला एक गोष्ट दिसली ती नमूद करतों. दूरच्या झोताचा सांधा कोळशासारखा काळा आणि खोल झिजलेला. खालच्या झोताचा त्या मानानें पुष्कळ स्वच्छ. दोन्हीं तारांस वीज जवळजवळ सारखीच लागते. तेव्हां या गाडीच्या एकामागून एक झालेल्या मालकांनीं साठ वर्षें बहुतेक वाट झोत उंच ठेवूनच चालली, असा तर्क निघतो. मधल्या काळांत एकच बाजू कोणीं घांसली असेल, अशी शंका मी स्वतःच काढतों. एका साधनावर निष्कर्ष उभारूं नये असें मीच शिकवितों. परंतु मित्रानें ती शंका उचलून धरली नाहीं. तो बराच वेळ त्या काळ्या सांध्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "वडील डिपर देत असत. हें माझें असेल."

आतां बसवावयाचें काय, यावर आमच्यांत वाद झाला. मित्राचा मुलगा म्हणाला कीं पायाची कळ काढून टाकावी आणि चाकाखालीं आजच्या पद्धतीची दांडी लावावी. मित्र म्हणाला कीं जें होतें तेंच, जसेंच्या तसें हवें. इंग्लंडांत या गाड्यांचे सुटे भाग आजहि नव्यानें बनतात, ते मागवावेत. मी इतिहासाचा माणूस म्हणून माझें मत विचारलें गेलें, आणि मला तें चटकन् देतां येईना. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करितांना भंगलेला खांब तसाच ठेवावा कीं तशाच घडणीचा नवा बसवावा, हा वाद आम्ही पानेंच्या पानें लिहून वाढविला आहे. खांब भंगला तर पर्यटक दुसऱ्या बाजूनें जातो; डिपर भंगला तर कोण कोठें जातो हें मीं सावळघाटांत पाहिलें होतें. मिस्त्रींनीं तिढा सोडविला. "सर, कळ जुन्याच जागीं राहूं द्या, भार नव्यावर टाका."

त्याप्रमाणें झालें. फलकावर त्याच आकाराची नवी कळ आली. मूठ मात्र मूळचीच. तिच्या दांड्यांत एक बारीक टोंकदार खिळा दाबला कीं मूठ सुटून येते, हें मिस्त्रींस ठाऊक होतें, आणि त्यांच्याआधीं कोणास तें ठाऊक नव्हतें हें मुठीवरच्या पकडीच्या ओरखड्यांवरून दिसत होतें. पायाशीं त्याच घडणीचा नवा डिपर, त्याच तीन छिद्रांत. आणि दोन लहान रिले कोणास न दिसतील असे आंत बसविले. या रिलेंत कळेंतून नुसती सूचना जाते. ती मिळतांच आंतील विद्युच्चुंबक जाड सांधा ओढतो, व दिव्यांची खरी वीज बॅटरीकडून त्याच सांध्यांतून, स्वतंत्र फ्यूजमधून, जाते. दिवे पुन्हां कमी वॅटचे. शंभर वॅटचे दोन दिवे मित्रानें कोणासहि न देतां घरीं नेले; त्यांचें पुढें काय झालें तें मीं विचारलें नाहीं.

यापुढें या कळेची गरज तरी किती दिवस राहील, हेंहि मनांत येतेंच. कसारा घाटांत चढणारा व उतरणारा असे दोन रस्ते वेगळे झाल्याला पुष्कळ वर्षें झालीं. २०२५ च्या जूनमध्यें समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला. त्यांत डोंगराच्या पोटांतून सुमारें आठ किलोमीटरचा जोडबोगदा आहे, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. तेथें दिव्यांचा लखलखाट आहे, आणि समोरून कोणी येतच नाहीं. नव्या गाड्यांत समोरचा उजेड पाहून झोत आपोआप उतरविणारीं यंत्रें निघालीं आहेत. मायको सर्कलजवळ राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या गाडींतील असें यंत्र मला मोठ्या कौतुकानें दाखविलें. पेठचा रस्ता, त्र्यंबकहून जव्हारचा रस्ता, वणीहून सापुताऱ्याचा रस्ता, हे मात्र अजून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे एकच आहेत.

काम झाल्यावर एका संध्याकाळीं आम्ही त्र्यंबकच्या रस्त्यानें अंजनेरीपर्यंत जाऊन आलों. परत येतांना पूर्ण काळोख होता. मित्रानें डिपर सात वेळां दाबला, मीं मोजले. समोरच्यांपैकीं चौघांनीं आपला झोत उतरविला, दोघांनीं उतरविला नाहीं, आणि एक सायकलवाला होता, त्याला दिवाच नव्हता.

मीं स्वतः गाडी शिकलों ती १९८७ सालीं, वडिलांच्या ॲम्बेसेडरवर. माझी आजची गाडी नवी आहे व तिचा डिपर बोटाशीं आहे. तरी समोरून एकदम उजेड आला कीं माझा डावा पाय क्लचच्या पलीकडे सरकतो आणि रबरी गालिचा दाबतो. मागें बसलेली मुलगी विचारते, "बाबा, पाय कां आपटतां?"